डीएनए म्हणजे सोर्स कोड नव्हे!

आपल्या धंद्यातल्या लोकांना एक खोड आहे. जगात काहीही दिसलं की ते मुळात सॉफ्टवेअरच आहे असं आपण आधी ठरवतो आणि मग ते दुरुस्त करायला निघतो. ट्रॅफिक म्हणजे लोड बॅलन्सिंग, लग्न जमवणं म्हणजे मॅचिंग अल्गोरिदम, शेती म्हणजे सप्लाय चेन. यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं, टपरीवरच्या कटिंगपुरतं. पण गेली काही वर्षं कँटीनपासून कॉन्फरन्सपर्यंत एक वाक्य सतत कानावर पडतंय आणि ते मात्र मला निरुपद्रवी वाटत नाही. "डीएनए म्हणजे कोड, पेशी म्हणजे कॉम्प्युटर, आजार म्हणजे बग. आता बायॉलॉजी प्रोग्रॅमेबल झाली, बॉस!"

माझ्या मते हे वाक्य चुकीचं आहे. थोडं ढोबळ वगैरे म्हणून सोडून देण्यासारखं नाही, जिथे खरी गंमत आहे नेमकं तिथेच चुकीचं. एक पेशी एक प्रोटीन बनवते इथपर्यंत ते कसंबसं चालतं. पण असंख्य पेशी एकत्र येऊन आतडं, डोळा किंवा मूत्रपिंड बनवतात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली 'ऊती' जिथे सुरू होते, तिथे हे रूपक कोलमडतं. आणि आज सगळे पैसे, सगळ्या आशा लागल्यात त्या तिथेच. तेव्हा आजची पोस्ट जरा लांब आणि जरा चिडकी होणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी आपल्याच भाषेत हिशोब करू. माणसाच्या जीनोममध्ये साधारण ३२० कोटी अक्षरं. प्रत्येक अक्षर चारांपैकी एक, म्हणजे दोन बिट. झाले ८०० एमबी. जुन्या सीडीत जेमतेम न मावणारा ऐवज. आणि शरीरात पेशी किती? सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे या फाइलमध्ये जर शरीराचा नकाशा लिहिलेला असेल, तर एका बिटच्या वाट्याला साडेचार हजारांवर पेशी येतात! (यातल्या बहुतेक तांबड्या रक्तपेशी आहेत, त्या फिरस्त्या, त्यांना पत्ता लागत नाही, मान्य. त्या वजा केल्या तरी गणित सुटत नाही.) आणि हीच्या हीच फाइल जवळपास प्रत्येक पेशीत आहे, डोळ्यातल्याही आणि टाचेतल्याही.

इथे गेमिंगवाले मित्र लगेच हात वर करतात. "अरे, प्रोसीजरल जनरेशन! ६४ केबीच्या डेमोमध्ये अख्खं शहर उभं करतात की!" बरोबर. पण ते शहर उभं करायला प्रोसेसर लागतो, ऑपरेटिंग सिस्टिम लागते, ग्राफिक्स ड्रायव्हर लागतो. ते काही त्या ६४ केबीत नसतं. मग माझा प्रश्न एवढाच, की डीएनए जर कोड असेल तर त्याचं रनटाइम कुठाय? रेपो तर क्लोन केली. चालवायची कशावर?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं. १९०७ साली एच. व्ही. विल्सन नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने एक जिवंत स्पंज घेतला आणि बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. आपण चक्का गाळतो तसा. कापडाखालच्या पाण्यात उरल्या सुट्या पेशी. स्पंज संपला म्हणायचा. पण त्या पेशी सरपटत एकमेकींना चिकटल्या, गोळे झाले आणि त्या गोळ्यांतून पुन्हा जिवंत स्पंज तयार झाले. पुढे १९७२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड गीरर आणि मंडळींनी हायड्राच्या पेशी सुट्या केल्या, पुन्हा एकत्र आणल्या आणि त्या गोळ्यातून डोकी, शुंडकं फुटून हायड्रा उभे राहिले. (हायड्रा म्हटलं की पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालंय आणि इथल्या एका प्रकाराच्या शास्त्रीय नावाला चक्क 'इंड-पुणे' असं शेपूट आहे.)

आता हे कोडच्या भाषेत सांगून बघा. चालू सर्व्हरचे सगळे पार्ट सुटे करून बादलीत टाकले, बादली हलवली आणि सकाळी सर्व्हर पुन्हा चालू! कुणी सांगितलं तर आपण त्याला सुट्टीवर पाठवू.

मग हे होतं कसं? माल्कम स्टाइनबर्गने १९६०च्या दशकात याचं जे उत्तर दिलं ते मला आजही बेहद्द आवडतं, कारण ते जवळजवळ अपमानास्पद वाटावं इतकं साधं आहे. पेशी एकमेकींना चिकटतात, पण सगळ्या सारख्या चिकट नसतात. जास्त चिकट पेशींना आपल्यासारख्यांशी जास्तीत जास्त संपर्क हवा असतो, म्हणून त्या आत जाऊन गच्च गोळा होतात. कमी चिकट त्यांच्याभोवती पसरतात. झाला आतला थर, बाहेरचा थर. मिसळीच्या रश्श्यावरची तर्री आठवा. ती वर येते ते तेल हलकं म्हणून, पण तिचे छोटे छोटे थेंब एकमेकांत विरघळून मोठे होतात ना, ते पृष्ठताणामुळे. पेशींचे गोळे तसेच वागतात. इतके तसेच, की ऊतींचा पृष्ठताण प्रयोगशाळेत मोजता येतो आणि कोण आत जाईल, कोण बाहेर राहील ते त्या आकड्यांवरून आधी सांगता येतं.

त्या गोंदालाही नाव आहे. कॅडहेरिन. मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञाने ही प्रोटीन शोधली. नंतर असंही कळलं की नुसता गोंद पुरत नाही, पेशीच्या सालीतला ताणही तितकाच महत्त्वाचा. पण मूळ मुद्दा टिकला. "तू आत जा, तू बाहेर थांब" असा हुकूम कुठेही लिहिलेला नाही. जनुकं ठरवतात ते गोंद किती आणि ताण किती एवढंच. फार तर कॉन्फिग फाइल म्हणा. बाकीचं काम पाणी, पृष्ठताण आणि शेजारी करतात.

आतड्याचं उदाहरण तर मी प्रत्येक "डीएनए इज कोड"वाल्याला ऐकवतो. आपलं लहान आतडं पोटात वेटोळं घालून बसलेलं असतं आणि ती वेटोळी प्रत्येक जातीच्या प्राण्यात बरीचशी ठरावीक असतात. साहजिकच वाटतं की याचा कुठेतरी नकाशा असणार. २०११ मध्ये हार्वर्डच्या टॅबिन आणि महादेवन यांच्या गटाने दाखवलं की नकाशा वगैरे काही लागत नाही. आतड्याची नळी भराभर वाढते, तिला धरून ठेवणारा पातळ पडदा हळू वाढतो. नळीला जागा पुरत नाही, मग ती वळते. एवढंच! त्यांनी लॅटेक्सचा पडदा ताणून त्याला रबरी नळी शिवली आणि ताण सोडला. कोंबडीच्या पिल्लात असतात तशी वेटोळी रबरात तयार झाली. झबल्याच्या बाहीला इलॅस्टिक ताणून शिवतात, सोडलं की चुण्या पडतात, तसंच हे. चुणी कुठे पडावी हे आपल्या आज्यांनी कधी एकेक करून लिहून ठेवलं नव्हतं. इलॅस्टिक किती ताणायचं एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या सगळ्याची गंमत म्हणजे आपल्या धंद्याच्या आद्य गुरूला हे सत्तर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. अॅलन ट्युरिंग. ज्याच्या नावाचं मशीन आपण पहिल्या वर्षाला घोकलं, त्या माणसाने १९५२ मध्ये जीवशास्त्रावर एक पेपर लिहिला. आता संगणकाचा हा बाप गर्भाबद्दल लिहितोय म्हटल्यावर त्याने "गर्भ म्हणजे टेपवरचा प्रोग्रॅम" असं लिहायला हवं होतं की नाही? नाही लिहिलं. त्याने लिहिलं की दोन रसायनं एकमेकांवर क्रिया करत असतील आणि वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील, तर काहीही नसलेल्या एकसारख्या पेशीसमूहात आपोआप ठिपके, पट्टे उमटू शकतात. कोडचं नाव नाही. शुद्ध रसायन आणि पसरण. २०१२ मध्ये उंदरांच्या पंजावर झालेल्या कामात दिसलं की हॉक्स गटातली जनुकं कमी कमी करत नेली की बोटं जास्त आणि बारीक होत जातात. म्हणजे 'करंगळीचं जनुक' असा काही प्रकार नाही. जनुकं पट्ट्यांची रुंदी ठरवतात, बोटं पट्ट्यांतून पडतात. ट्युरिंगचं नाव घेऊन "एव्हरीथिंग इज कॉम्प्युटेशन" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हा पेपर उघडलाय ते एकदा विचारा. मी विचारतो. लोक विषय बदलतात.

असो. आता समोरच्याची बाजू. ती कमकुवत नाही.

२००० सालच्या जानेवारीत 'नेचर'मध्ये दोन पेपर आले. एकात बॅक्टेरियात जनुकांचा ऑन-ऑफ स्विच बनवला होता, दुसऱ्यात ठेक्यावर लुकलुकणारं सर्किट. सिंथेटिक बायॉलॉजीची सुरुवात बरेच जण तिथून धरतात आणि दोन्ही कल्पना सरळ इलेक्ट्रॉनिक्समधून उचललेल्या होत्या. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने सुमारे १० लाख ८० हजार अक्षरांचा अख्खा जीनोम रसायनांपासून जोडला, एका जंतूच्या पेशीत घातला आणि ती पेशी त्या जीनोमप्रमाणे जगू लागली. त्याआधी एका महत्त्वाच्या जनुकातलं एकच अक्षर गळाल्यामुळे अख्खा प्रकल्प अडून बसला होता. आता हा बग नाही तर काय?

आहे ना, बगच आहे. पण त्याच प्रकल्पाची दुसरी बाजू बघा. तो जीनोम घातला तो आधीच जिवंत असलेल्या पेशीत. तिचं कवच, तिची प्रोटीन बनवणारी यंत्रं, तिचं पाणी-मीठ सगळं आयतं. ते कुणी लिहिलं नव्हतं. मग २०१६ मध्ये त्यांनी छाटून छाटून ४७३ जनुकांची किमान पेशी बनवली. त्यातली १४९ जनुकं काय करतात हे कुणालाच माहीत नव्हतं! तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कोड "कशाला आहे माहीत नाही, पण काढला की सिस्टिम मरते" या वर्गातला. (बँकांच्या जुन्या सिस्टिमवर काम केलेल्यांनी इथे हळवं होऊ नये.) वर त्या पेशी धड विभागेनात, वेड्यावाकड्या आकाराच्या व्हायच्या. २०२१ मध्ये सात जनुकं परत घातल्यावर त्या रांगेला लागल्या आणि त्या सातांपैकीही काही नेमकी काय करतात ते ठाऊक नव्हतं. ही एका पेशीची गोष्ट. मूत्रपिंड अजून कोसो दूर.

आणि म्हणूनच २०१८ चा सॅन फ्रान्सिस्कोतला प्रयोग मला इतका महत्त्वाचा वाटतो. सातोशी तोदा, वेंडेल लिम आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या ज्या एरवी काहीच बांधत नाहीत, नुसत्या पडून राहतात. त्यांत 'सिननॉच' नावाचा कृत्रिम रिसेप्टर बसवला. त्यात लिहिलेला नियम असा: अमुक शेजारणीचा स्पर्श झाला तर कॅडहेरिन बनव. बास. मग दोन प्रकारच्या पेशी एकत्र सोडल्या. स्पर्श झाला, गोंद तयार झाला, चिकट झालेल्या आत सरकल्या, बाकीच्या बाहेर राहिल्या. आत गेलेल्यांनी बाहेरच्यांना उलटा निरोप दिला, मग आणखी एक थर. तीन थरांचा गोळा, हिरवा गाभा, मध्ये लाल, बाहेर निळा. नंतर त्यांनी तो गोळा मधोमध कापला. दिवसभरात तुकडे पुन्हा थर लावून गोल झाले.

या पेपरच्या शीर्षकातही 'प्रोग्रॅमिंग' शब्द आहे, माहितीये मला, कमेंटमध्ये सांगायची तसदी घेऊ नका. पण त्यांनी प्रोग्रॅम काय केलं ते बघा. 'गोल' कुठे लिहिलंय? 'तीन थर' कुठे लिहिलंय? 'कापलं तर सांध' कुठे लिहिलंय? लिहिलंय ते फक्त शेजाऱ्याशी कसं वागायचं. उरलेलं काम स्टाइनबर्गच्या तर्रीने केलं. हे लोक यशस्वी झाले कारण त्यांनी आकार लिहायचा हट्ट सोडला आणि पेशींना जे आपोआप येतं त्याला नुसतं वळण दिलं. माळी वेलीला मांडव करून देतो, पानं काढत बसत नाही.

उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर २०२० चे झेनोबॉट घ्या. अमेरिकेत लेविन, बॉन्गार्ड आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या त्वचेच्या आणि हृदयाच्या पेशी काढून वेगळ्या आकारात रचल्या आणि त्या पाण्यात चालू लागल्या. पुढच्या वर्षी तर रचण्याचीही गरज उरली नाही. त्वचेच्या पेशी सुट्या ठेवल्या, त्यांचा आपोआप गोळा झाला, त्यावर केसासारखे तंतू हलायला लागले आणि गोळा पोहू लागला. यात जनुकांत काहीही बदल केलेला नव्हता. जीनोम शंभर टक्के बेडकाचा आणि प्राणी असा, जो बेडकाच्या आयुष्यात कुठेच नसतो. एकाच बायनरीतून कधी एक्सेल उघडतं तर कधी पोहणारा गोळा! याला सोर्स कोड म्हणायचं तर मग शब्दाला अर्थच काय राहिला?

"बरं, रूपक चुकलं. चुकू दे. कुणाचं काय बिघडलं?" असं विचारणारे असतात. सांगतो.

आमच्या ओळखीतले एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांची धाकटी बहीण मूत्रपिंड द्यायला तयार होती, तपासण्याही जुळल्या होत्या. पण काका अडून बसले. कारण त्यांचा मुलगा, आपल्याच धंद्यातला, हुशार पोरगा, त्याने त्यांना सांगितलं होतं की आता अवयव प्रोग्रॅम करता येतात, दोन-तीन वर्षांत लॅबमधलं मिळेल, आत्याला कशाला कापायचं? त्याचा हेतू वाईट नव्हता. व्हॉट्सअॅपवर प्रिंटरमधून निघणाऱ्या किडनीचा व्हिडिओही होताच. तो व्हिडिओ बहुधा २०११ मधला. अँथनी अटाला यांनी तेव्हा टेडच्या मंचावर मूत्रपिंडाच्या आकाराची छापलेली वस्तू दाखवली होती. ते काम करणारं मूत्रपिंड नव्हतं आणि त्यांच्या संस्थेला तसा खुलासा करावा लागला होता. खुलासे फॉरवर्ड होत नाहीत.

खरी स्थिती काय? २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून मूत्रपिंडाचं ऑर्गनॉइड वाढवलं. अफाट काम आहे, पेशींनी स्वतःहून गाळणाऱ्या नलिका बांधल्या. पण ते डाळीच्या दाण्यासारखं काहीतरी, पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या मूत्रपिंडाशी मिळतंजुळतं. मोठ्या माणसाच्या एका मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. आणि लघवी बनलीच तर ती जाणार कुठे, बाहेर नेणारी नळीच जोडलेली नाही. शिवाय रक्तवाहिन्यांचा प्रश्न. ऑक्सिजन ऊतीत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे धड झिरपत नाही, म्हणून गोळा मोठा केला की मधल्या पेशी मरतात. हा बग फिक्स करायला कुठली ओळ बदलणार? ही ओळच नाही. हे भौतिकशास्त्र आहे. काकांना शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी तासभर बसवून हे समजावलं तेव्हा गाडी पुढे सरकली. मधलं एक वर्ष गेलं ते गेलं.

पैशाचंही तेच. झायमर्जेन नावाच्या अमेरिकन कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये शेअर बाजारातून सुमारे ५० कोटी डॉलर उभे केले. ऑगस्टमध्ये सांगितलं की यंदा प्रॉडक्टमधून उत्पन्न शून्य. एका दिवसात शेअर सत्तर टक्क्यांहून जास्त आपटला आणि २०२३ मध्ये दिवाळखोरी. तिला मधल्या काळात विकत घेणाऱ्या गिंको बायोवर्क्सने बाजारात येताना आपलं चिन्हच 'डीएनए' घेतलं होतं, पेशी प्रोग्रॅम करणारा प्लॅटफॉर्म म्हणून. २०२४ मध्ये त्यांना ४० शेअरचा एक करावा लागला. कारणं अनेक होती, एका रूपकावर सगळं ढकलणार नाही. पण सॉफ्टवेअरचं व्हॅल्युएशन मागायचं तर आधी सॉफ्टवेअर असल्यासारखं बोलावं लागतं. आणि ही तर साधी जंतूंची कामं होती.

कुणी असं समजू नये की मला हे क्षेत्र फोल वाटतं. नेदरलँड्समध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या आतड्याचा कण घेऊन त्यातून ऑर्गनॉइड वाढवतात. औषध लागू पडणार असेल तर ते इवलं आतडं फुगतं, नाहीतर नाही. दुर्मिळ म्युटेशन असलेल्या माणसाला कुठलं औषध द्यायचं ते अशा गोळ्यांवरून ठरवलं गेलंय. तिथेही कुणी आतडं 'लिहिलं' नाही. पेशींना हवं ते वातावरण दिलं, बांधकाम त्यांनी केलं.

आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बायोई३ धोरण मंजूर केलं. बायोफाउंड्री, बायो-एआय हब असे शब्द त्यात आहेत. ठीक आहे. पण हे शब्द ऐकले की आपल्या लोकांच्या डोळ्यापुढे सर्व्हर रूम येते, आणि मला भीती आहे ती याची. ऊती सर्व्हर रूममध्ये वाढत नाहीत. त्या इन्क्युबेटरमध्ये वाढतात आणि त्यांना रविवारीसुद्धा मीडियम बदलून द्यावा लागतो. ते बदलणाऱ्या जेआरएफ मुलांची फेलोशिप २०२३ मध्ये वाढून महिना ३७ हजार झाली, आणि ती वेळेवर मिळत नाही म्हणून त्यांना वारंवार आंदोलनं करावी लागतात. आपल्याकडे फ्रेशरला जॉइनिंग बोनस किती देतात ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा ज्यांना नोकरी सोडून या क्षेत्रात जायचंय (गेल्या महिन्याभरात तिघांनी मला मेल टाकलेत), त्यांनी जरूर जावं. जाताना पायथॉन घेऊन जा, इमेज अॅनालिसिसला माणसं हवीच आहेत. पण पहिले सहा महिने कीबोर्डला हात न लावता पिपेट धरा, पृष्ठताणाचा धडा पुन्हा वाचा आणि ट्युरिंगचा तो १९५२ चा पेपर प्रिंट काढून सोबत ठेवा. गणित अवघड आहे, पण सुरुवातीची काही पानं कुणालाही कळतील अशी आहेत.